पवनचक्की, कुरव आणि ९९ टक्के

सुरुवातीलाच एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठीचा तास आठवड्यात मोजकाच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळ सांभाळून घेईल या भरवशावर लिहायला बसले आहे. विषय मात्र आपल्याच अभ्यासाचा आहे. थोडं गणित येईल, पण घाबरू नका. केटी लागण्याइतकं अवघड नाही!

गेल्या सेमिस्टरला माझा सेमिनार होता समुद्रातल्या पवनचक्क्यांवर. मी साताऱ्याची. सातारकरांना पवनचक्की म्हणजे काही नवलाई नाही. सज्जनगडावरून ठोसेघरकडे निघालं की वर चाळकेवाडीच्या पठारावर त्या रांगेने उभ्या दिसतात. शाळेच्या सहलीत मी त्यांच्याखाली उभी राहून डबा खाल्ला आहे. ‘मोठी झाल्यावर हेच बनवायचं,’ असं तेव्हा ठरवलं आणि अजून तोच विचार आहे. त्यामुळे सेमिनार अगदी जोशात दिला. शेवटची स्लाईड होती, ‘पर्यावरणावर परिणाम’. त्यावर एकच ओळ: ‘९९ टक्के समुद्रपक्षी पवनचक्की टाळतात, त्यामुळे धोका नगण्य.’

सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, “नगण्य म्हणजे किती? गणून सांग.”

मला सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आपल्या समुद्रात काय चाललंय?

जगातली पहिली समुद्रातली पवनऊर्जा वसाहत डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे १९९१ साली उभी राहिली. ११ पवनचक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम ५ मेगावॅट. २०१७ साली ती मोडीत काढली. आता एकेक यंत्रच १५ मेगावॅटचं येतं.

भारताने समुद्री पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये जाहीर केलं. २०१७ मध्ये गुजरातच्या पिपावावपासून वीसएक किलोमीटर आत, खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, वारा मोजायला लायडार यंत्र बसवलं गेलं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात ५०० मेगावॅट गुजरातजवळ आणि ५०० मेगावॅट तामिळनाडूजवळ. प्रत्यक्ष उभारणी मात्र अजून झालेली नाही.

५०० मेगावॅट म्हणजे किती? आपल्याच पालघर जिल्ह्यातला डहाणूचा कोळशावरचा वीज प्रकल्प ५०० मेगावॅटचा आहे. तेवढी क्षमता, पण कोळसा नाही, राख नाही, धूर नाही. (वारा कायम वाहत नाही, त्यामुळे वर्षाची युनिटं तेवढी भरणार नाहीत, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.) वालीवच्या गाळ्यांमध्ये दिवसरात्र प्रेस आणि मोल्डिंग मशिनं धडधडतात, त्यांना वीज लागणारच आहे. ती कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे. म्हणून मी पवनचक्कीच्या विरोधात लिहीत नाहीये, हे आधीच स्पष्ट करते.

आणि आपल्या किनाऱ्यावर कोण राहतं?

सेमिनारनंतर जानेवारीत एका रविवारी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर तिच्या गावी, अर्नाळ्याला गेले. वालीवहून रिक्षाने वसई स्टेशन, तिथून विरार, तिथून बस. साताऱ्याच्या मुलीला समुद्र म्हणजे फक्त पाणी आणि वाळू वाटते. पण ओहोटीची वेळ होती आणि ओल्या वाळूवर शेकडो पांढरे-करडे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. मैत्रीण म्हणाली, हे कुरव. इंग्रजीत गल. हिवाळ्यात पार सायबेरियाकडून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. त्यांच्यात काही सडपातळ, टोकदार पंखांचे, काळ्या टोपीचे पक्षी होते. ते टर्न, म्हणजे सुरय. हे पाण्यावर घिरट्या घालतात, मान खाली घालून बघतात आणि दगडासारखे खाली पडून मासा उचलतात.

मैत्रिणीच्या आजोबांनी चाळीस वर्षं होडी चालवली आहे. ते म्हणाले, “पाखरं पडायला लागली की समजायचं मासा वर आलाय. आमच्याकडे मशिनं नव्हती तेव्हा हीच आमची मशिनं.”

मी त्यांना पवनचक्कीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोरी, आत्ता पाखरं किती आहेत ते कोणी लिहून ठेवलंय का? नाहीतर नंतर कमी झाली हे कळणार कसं?”

सरांचा एक प्रश्न आणि आजोबांचा एक. दोन्ही मोजण्याचेच.

पातं किती वेगाने फिरतं?

लांबून बघितलं तर पवनचक्की अगदी संथ फिरते असं वाटतं. पक्षी सहज चुकवेल की! पण हिशोब करू.

२ मेगावॅटचं एक यंत्र घ्या. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ८० मीटर, मिनिटाला १६ फेऱ्या. वर्तुळाचा परीघ सुमारे २५१ मीटर. मिनिटाला १६ वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ मीटर. तासाला २४१ किलोमीटर! आपली विरार फास्ट जास्तीत जास्त १०० च्या आसपास धावते. म्हणजे पात्याचं टोक विरार फास्टच्या दुपटीहून अधिक वेगाने जातं, आणि भोंगा न वाजवता.

त्यात पक्ष्याच्या डोळ्यांची एक अडचण आहे. पातं जवळ येतं तसं ते डोळ्याला पुसट पट्ट्यासारखं दिसतं, चालू पंख्याचं पातं आपल्याला दिसतं तसं. आणि सुरयसारखा पक्षी मासे शोधताना मान खाली झुकवतो, तेव्हा त्याला समोरचं नीट दिसतच नाही. लाखो वर्षं समुद्रावर समोर आडवं काही आलंच नाही, मग बघायची सवय लागणार कुठून?

टकरीचं गणित

यासाठी जगभर ‘बँड मॉडेल’ वापरतात. स्कॉटलंडच्या बिल बँड यांनी ते मांडलं आणि २०१२ मध्ये खास समुद्रासाठी विस्तारलं. खरं मॉडेल बरंच मोठं आहे. पात्याच्या प्रत्येक त्रिज्येवर वेगळा हिशोब करावा लागतो, कारण मधल्या भागात पातं रुंद आणि संथ असतं, टोकाला अरुंद आणि वेगवान. पण त्याचा गाभा आपण वहीच्या पानावर करू शकतो.

पायरी १. तीन पाती, मिनिटाला १६ फेऱ्या. म्हणजे मिनिटाला ४८ वेळा, सेकंदाला ०.८ वेळा एखादं पातं एका जागेवरून जातं. दोन पात्यांमधलं अंतर १.२५ सेकंद.

पायरी २. पक्षी ३५ सेंटिमीटर लांब, वेग सेकंदाला १० मीटर. त्याच्या मार्गात पात्याची जाडी साधारण १ मीटर धरू. पूर्ण पलीकडे जायला त्याला १.३५ मीटर कापावे लागतात, म्हणजे ०.१३५ सेकंद.

पायरी ३. ०.१३५ भागिले १.२५ म्हणजे ०.१०८. डोळे मिटून पात्यांच्या वर्तुळातून गेलेल्या १०० पक्ष्यांपैकी सुमारे ११ आपटतील, ८९ सहीसलामत जातील.

मला हे बघून आश्चर्यच वाटलं. मला वाटायचं वर्तुळात शिरला की मेलाच. तसं नाही.

पण आता समोरून वारा येतोय असं धरा, सेकंदाला ५ मीटरचा. पक्ष्याचा पुढे जायचा वेग १० वरून ५ वर आला. वेळ दुप्पट, म्हणजे ०.२७ सेकंद. शक्यताही दुप्पट, २१.६ टक्के. पक्षी तोच, यंत्र तेच, फक्त वारा बदलला.

पायरी ४. आता टाळण्याचं प्रमाण. पक्षी तीन पातळ्यांवर टाळतो. पहिली, लांबूनच सगळी वसाहत बघून वळसा घालतो. दुसरी, आत शिरतो पण दोन यंत्रांच्या मधल्या गल्लीतून जातो. तिसरी, अगदी पात्याजवळ आल्यावर शेवटच्या क्षणी झटकन वळतो. तिन्ही धरून जे प्रमाण निघतं, तेच माझ्या स्लाईडवरचे ‘९९ टक्के’.

समजा, टाळाटाळ धरली नाही तर वर्षाला १०,००० वेळा पक्षी पात्यांच्या वर्तुळातून जातील. त्यांच्यापैकी १,०८० टकरी होतील. आता ९९ टक्के टाळले तर उरतात १०.८, म्हणजे ११. आणि ९८ टक्के टाळले तर? २१.६, म्हणजे २२.

इथेच माझी स्लाईड घसरली होती. ९९ आणि ९८ मध्ये फरक फक्त एका टक्क्याचा दिसतो. पेपरात ९९ ऐवजी ९८ पडले तर घरी पेढेच वाटतील. पण इथे एक टक्क्याने मेलेल्या पक्ष्यांची संख्या दुप्पट होते, कारण आपल्याला टाळणाऱ्यांशी नाही, न टाळणाऱ्यांशी मतलब आहे. १ चे २ झाले!

२२ म्हणजे जास्त की कमी?

कोंबड्या असत्या तर २२ म्हणजे काहीच नाही. पण समुद्रपक्ष्यांचं गणित वेगळं. गॅनेटसारखा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो आणि त्याचं पिल्लू विणीला लागायला पाचेक वर्षं घेतं. हे पक्षी सावकाश वाढतात आणि खूप वर्षं जगतात. त्यांचा सगळा संसार मोठे पक्षी जिवंत राहण्यावर चालतो.

समजा एका वसाहतीत १,००० मोठे पक्षी आहेत. दरवर्षी १०० मरतात आणि तेवढेच नवे येतात. संख्या स्थिर. आता त्यात पवनचक्कीचे २२ वाढले, म्हणजे दरवर्षी २.२ टक्के घट. हेच प्रमाण दहा वर्षं चाललं तर ०.९७८ चा दहावा घात, उत्तर ०.८०. हजाराचे आठशे झाले. ९९ टक्के टाळले असते तर उरले असते सुमारे ९००. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण चक्रवाढ व्याज कोणासाठीही थांबत नाही, हे कर्ज काढून शिकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

जगात काय दिसलं?

आता खरे अनुभव. ते एकाच बाजूचे नाहीत, म्हणून दोन्ही देते.

चांगली बातमी आधी. डेन्मार्कच्या निस्टेड वसाहतीत (७२ यंत्रं) रडार लावून बदकं आणि हंसांच्या वाटा टिपल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक टक्क्याहूनही कमी पक्षी धोका होईल इतके जवळ गेले होते. इंग्लंडच्या थॅनेट वसाहतीत २०१४ ते २०१६ कॅमेरे लावले होते. पक्षी दिसलेल्या १२,१३१ चित्रफितींत टकरी दिसल्या फक्त ६.

आता दुसरी बाजू. बेल्जियममध्ये झीब्रुगे बंदराच्या भिंतीवर पवनचक्क्यांची रांग आहे आणि तिथेच बाजूला सुरय पक्ष्यांची विणीची वसाहत. पिल्लांना भरवायला आई-बाप दिवसातून कितीतरी वेळा समुद्रावर जाणार, आणि प्रत्येक वेळी रांग ओलांडणार. २००४ आणि २००५ मध्ये तिथे दर यंत्रामागे वर्षाला सरासरी ६.७ सुरय मेले. पक्षी हुशार होते, यंत्रंही काही राक्षसी नव्हती. जागा चुकली होती.

आणि टाळलं म्हणजे सुटलं असंही नाही. जर्मनीच्या समुद्रात लून नावाचे पाणपक्षी वसाहतीपासून दहा किलोमीटरहूनही लांबपर्यंत कमी झालेले आढळले. एकही आपटला नाही, पण मासे धरायची जागा गेली. टकरीच्या गणितात हा आकडा शून्य दिसतो.

आपल्याकडचं काय? गुजरातमध्ये कच्छच्या सामखियाळी इथे जमिनीवरच्या पवनचक्क्यांखाली तीन वर्षांत ४७ मेलेले पक्षी सापडले, किमान ११ जातींचे. आणि माझं चाळकेवाडी! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे अभ्यास केला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. मग त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढले, धीट झाले, आणि गर्दीमुळे रोडही झाले. या सरड्याच्या जीनसचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ आहे, आपल्या मराठी शब्दावरून. मी ज्या यंत्राखाली बसून डबा खात होते, तिथे डोक्यावर घार का नाही असा प्रश्न मला कधी पडला नाही. दिसतं ते आपण बघतो, जे नाही ते कसं दिसणार?

समुद्रात तर हे अजून अवघड. जमिनीवर मेलेला पक्षी शोधून मोजता येतो. समुद्रात पडला की लाट नेते किंवा मासा खातो. यंत्राखाली पुरावाच उरत नाही. म्हणून तिथे कॅमेरा, रडार आणि गणित यांच्यावरच भिस्त.

मग इंजिनिअरने करायचं काय?

हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण उपाय आहेत आणि ते आपल्याच सिलॅबसमधले आहेत.

एक, जागा. विणीची बेटं, माशांचे थवे आणि पक्ष्यांच्या वाटा सोडून वसाहत आखायची. झीब्रुगेचा धडा हाच.

दोन, उंची. बरेच समुद्रपक्षी पाण्यापासून २० मीटरच्या आतच उडतात. ब्रिटनमध्ये पात्याचं टोक भरतीच्या पाण्यापासून किमान २२ मीटर वर ठेवतात. खांब अजून थोडा उंच केला तर बरेच पक्षी खालून निघून जातात. (कुरव मात्र वरही उडतात, त्यांना याचा उपयोग कमी.)

तीन, थोडी पण मोठी यंत्रं. १५ मेगावॅटच्या यंत्राच्या पात्यांचा व्यास २३६ मीटर असतो. मिनिटाला ७ फेऱ्या धरल्या तर दोन पात्यांमध्ये जवळजवळ २.९ सेकंद मिळतात. आपल्या हिशोबातल्या १.२५ च्या दुपटीहून जास्त.

चार, रंग. नॉर्वेच्या स्मोला बेटावर एक पातं काळं रंगवलं, तर त्या यंत्रांखाली मेलेल्या पक्ष्यांचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त घटलं. प्रयोग मोजक्याच यंत्रांवर आणि जमिनीवरचा आहे, पण उपाय किती साधा!

पाच, ब्रेक. नेदरलँड्समध्ये मे २०२३ मध्ये एका रात्री स्थलांतराचे मोठे थवे येणार असा अंदाज होता, तेव्हा समुद्रातल्या दोन वसाहतींची यंत्रं चार तास जवळजवळ थांबवली, मिनिटाला जास्तीत जास्त दोन फेऱ्या. थवे गेले, यंत्रं पुन्हा सुरू.

आपल्यालाही असा अंदाज लागेल. ठाणे खाडीत ज्यांना ट्रान्समीटर लावले होते, त्यांतला एक फ्लेमिंगो २०२२ मध्ये गुजरातेत भावनगरला, म्हणजे थेट खंभातच्या आखाताच्या काठावर पोचला होता. आणि अंधारात थवा यंत्रावर आदळला तर काय होतं ते आपण २० मे २०२४ ला बघितलं आहे. घाटकोपरला विमानाची धडक बसून जवळजवळ ४० फ्लेमिंगो मेले. तिथे पवनचक्की नव्हती. पण आकाशातली वाट माहीत नसली की काय होतं, ते तेच.

आपण वालीवमध्ये बसून काय करू शकतो?

आजोबांचा प्रश्न: ‘लिहून ठेवलंय का?’ दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. तिच्यात कोणीही भाग घेऊ शकतो. शिवाय पक्ष्याच्या उडण्याची उंची मोजायला महागडं रडार लागत नाही. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट घ्या. झाला क्लायनोमीटर. पक्षी ३०० मीटर लांब असलेल्या होडीवर आहे आणि कोन ६ अंश आला, तर उंची = ३०० × टॅन ६ = सुमारे ३१ मीटर. म्हणजे पात्यांच्या टप्प्यात. अंतराचा अंदाज चुकला तर उंचीही त्याच प्रमाणात चुकते, म्हणून सिव्हिलच्या मित्रांनो, तुमची मदत लागेल. तुमचं सर्व्हेइंग एकदाचं खऱ्या कामाला येऊ दे!

फेब्रुवारीत आम्ही चौघीजणी तीन रविवार अर्नाळा आणि कळंबच्या किनाऱ्यावर वही घेऊन बसलो. पहिल्या दिवशी कुरव आणि सुरय यांत घोळ झाला, सगळं पान खोडावं लागलं. तिसऱ्या रविवारी जमायला लागलं. तीन रविवारांनी काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी कोणीतरी हीच वही पुढे चालवली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी अजून कोणी, तर आजोबांना उत्तर देता येईल. वही मुलींच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये ठेवली आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नाव लिहावं. सकाळी लवकर उठायची तयारी ठेवा, ओहोटी मेसच्या वेळेप्रमाणे येत नाही.

मला अजूनही पवनचक्क्याच बनवायच्या आहेत. फक्त माझ्या शेवटच्या स्लाईडवरची ओळ आता बदलली आहे. तिथे ‘नगण्य’ हा शब्द नाही. तिथे लिहिलंय: ‘धोका किती ते मोजावं लागेल. यंत्र उभं करण्याआधी.’

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच जमलंय. चालेल का?

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल